रस्त्यापलीकडच्या बिबड्या

नवलने आईला आणि बिबड्यांच्या पातेल्याला रस्त्यापलीकडे सुखरूप नेलं. पण ते असू द्या. तसं काही घडलेलंच नाही असं धरून चालू. नवल अजून जळगावातल्या हायवेच्या अलीकडेच, सायकलीचं हँडल धरून उभा आहे.

कॅरिअरला सुतळीने पातेलं बांधलेलं, त्यात ज्वारीचा शिजवलेला घाटा. बिबड्या, म्हणजे ज्वारीचे खानदेशी पापड, तो गरम आहे तोवरच थापायच्या. गार झाला की भिंतीच्या भेगा बुजवायला चांगला. शेजारी गुडघ्याला पट्टा बांधलेली आई, सुनंदाबाई. आणि समोरच्या गच्चीवर बेबामावशी ओलं धोतर अंथरून बसलेली. लग्नं झाल्यापासून दोघी बहिणी दर उन्हाळ्यात बिबड्या एकत्र घालत. यंदाची खेप शेवटची, कारण मावशी उद्या कायमची धुळ्याला मुलाकडे चालली होती. तिची शेगडी आधीच टेम्पोने गेली, म्हणून घाटा इकडे शिजला. सुनंदाबाईंच्या घरावर पत्रे, म्हणून गच्ची तिकडची.

मधे रस्ता. तो रुंद केला तेव्हा माणसांसाठी झेब्रा पट्टे मारले होते. गाड्या त्यांच्यावरून जरा जास्तच वेगाने जात, बहुतेक रंग टायरला लागू नये म्हणून. सायकलींसाठी हिरवा ट्रॅकही होता. त्यावर छगनभाऊंचं पंक्चरचं दुकान होतं आणि एक म्हैस, जी ट्रॅकचा नियमित वापर करणारी एकमेव रहिवासी होती.

नवल एक पाऊल पुढे टाकी, दोन मागे घेई. पातेल्याला हात लावी. घंटी वाजवी. केळीच्या ट्रकने त्या घंटीला असं उत्तर दिलं की म्हैससुद्धा दचकली. छगनभाऊ टायर पाण्यात बुडवत म्हणाले, घाई करू नको, परवा एक जण अर्ध्यात डिव्हायडरवर अडकला, त्याने तिथेच रसवंती टाकली, धंदा बरा आहे.

"गार होईन रे नवल," आई म्हणाली. ती हेच तिसऱ्यांदा म्हणाली, पण या वेळी पातेल्याकडे न बघता गच्चीकडे बघत.

तेवढ्यात बँड वाजला.

नवरदेव घोड्यावरून पलीकडच्या मारुतीच्या पाया पडायला निघाला होता. पुढे पोरं नाचत होती. ट्रक थांबले, एसटी थांबली, एका चालकाने तर इंजिन बंद करून खाली उतरून टाळ्यांनी ठेका धरला. माणसासाठी जो रस्ता कधी थांबला नाही, तो नवरदेवासाठी पाय पोटाशी घेऊन बसला. नवलने सायकल थेट वरातीत घातली.

झाकलेलं पातेलं बघून वराकडच्या काकांना वाटलं, मुलीकडचं रुखवत आलं. त्यांनी ते मानाने बँडच्या गाडीवर ठेवलं. कोणीतरी सुनंदाबाईंना नवरदेवाची चोपडा गावाहून आलेली आत्या ठरवलं आणि त्यांना ऐन झेब्रा पट्ट्यांवर, गुडघ्याच्या पट्ट्यासकट नाचवलं. नवल घामाघूम होऊन पातेल्यामागे धावत होता. आत्या मात्र बरीच रंगली होती.

गच्चीवर मावशीने घाट्यात बोट घातलं. "आजून गरमच शे," ती म्हणाली. वैशाखात जळगावात गार काय होणार?

दोघींनी शेजारी बसून बिबड्या थापल्या. थापून झाल्या तरी दोघीही उठेनात. मग नवलने घरी जायचं काढलं, आणि मावशी म्हणाली की आजचा मुहूर्त यंदाच्या हंगामातला शेवटचा होता. आता वराती थेट तुळशीच्या लग्नानंतर.

सुनंदाबाईंनी खालच्या रस्त्याकडे पाहिलं, बहिणीच्या बांधलेल्या बोचक्यांकडे पाहिलं आणि नवलला कागद घ्यायला लावला. त्यांनी सांगितलं, त्याने लिहिलं:

"मे. साहेबांचे सेवेशी सविनय अर्ज करण्यात येतो की, सदर ठिकाणी पादचारी व सायकलस्वारांकरिता दररोज सकाळी जाण्यास व सायंकाळी येण्यास प्रत्येकी एक वरात सोडण्यात यावी. नवरदेव उपलब्ध नसल्यास हरकत नाही. तसेच दर गुरुवारी एक वरात धुळ्यापर्यंत न्यावी व गुडघ्यांचा विचार करून वाटेत पारोळ्यास चहापुरता थांबा मंजूर करावा, ही विनंती."