उजेड लागलेला कागद

“एवढ्या पैशांत पूर्वी आख्खा कॅमेरा यायचा,” फोटोवाले म्हणाले.

“कॅमेरा आजही देतो, काका. फुकट देतो. आत कपाटभर पडलेत, हवे तेवढे उचला.” दुकानदारानं काळं पाकीट त्यांच्यापुढे सरकवलं. “कागदाचं मात्र बोलू नका. बाहेरून येतो, कधी येईल सांगता येत नाही. दर खेपेला भाव वर.”

“मग घेतं तरी कोण?”

“कॉलेजातली पोरं. हौस म्हणून. आणि तुम्ही.”

हौस! फोटोवाल्यांच्या कपाळावरची शीर ताठ झाली. स्टुडिओ होता तेव्हा याच कागदावर त्यांनी अर्ध्या गावाची तोंडं छापली होती. नोकरीच्या अर्जांना, परीक्षेच्या ओळखपत्रांना. कापून उरलेल्या पट्ट्या तर केरात जायच्या. आता थोडक्या कागदांच्या पाकिटात निम्मी पेन्शन चालली होती. पण अडला हरी. त्यांनी पैसे काढून दिले.

“आणि हायपो?”

“हायपो नाही. बरेच दिवस माल आलेला नाही.”

“अहो, मग या कागदाचं काय लोणचं घालू? हायपोत बुडवल्याशिवाय फोटो पक्का होत नाही. उजेडात काळा पडत जातो. हे मी तुम्हाला सांगायचं?”

“मला नका सांगू, कंपनीला सांगा. रसायनांच्या दुकानांत बघा एकदा.”

फोटोवाल्यांना बायकोचा फोटो छापायचा होता. ती जाऊन वर्ष होत आलं आणि भिंतीवर खिळा नुसताच होता. साऱ्या गावाचे फोटो काढणाऱ्याच्या घरात तिची एकच धड निगेटिव्ह निघाली. स्टुडिओतल्या टेबलाशी बसून ती फोटो कापते आहे आणि ‘आता माझा कशाला काढताय’ म्हणून वर बघते आहे.

मुलगा फोनवर म्हणाला होता, “बाबा, स्कॅन करून घ्या ना. दहा मिनिटांचं काम.” घेतला करून. दुकानातल्या माणसानं तिच्या हनुवटीवरचा तीळ पुसला, कपाळावरची आठी पुसली, वर गालांना गुलाबी रंग दिला. मुलाला तो आवडला. “आई किती छान दिसतेय!”

“छान दिसतेय,” फोटोवाले म्हणाले, “पण ही बाई कोण?” आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

घरी आले तेव्हा धाकटी बहीण फ्रिज रिकामा करून पुसत होती. दादा एकटा धड जेवत नाही म्हणून ती चार दिवस राहायला आली होती.

“काय आणलंस रे?”

“तुझ्या वहिनीच्या फोटोचं आहे. फ्रिजमध्ये ठेव. गरमीनं खराब होतं.”

“कागद फ्रिजमध्ये? वहिनी कशी काय नांदली तुझ्याबरोबर?”

“भांडत नांदली. ‘हा फ्रिज माणसांचा की फोटोंचा’ म्हणायची.”

“टेबलावर ठेव. पुसून झाला की ठेवते मी.”

फोटोवाले हायपोच्या शोधात निघाले. पहिल्या दुकानात मालकानं ते औषध समजून चिठ्ठी मागितली. दुसऱ्या दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं लटकत होती. तिसऱ्यानं मान डोलावली. “मिळेल की. पोतं मागवावं लागेल. पैसे आगाऊ.”

“पोतं? मला वाटीभर हवंय.”

“वाटीनं विकायला आम्ही काय साखर विकतो?”

“पोतं घेऊन मी त्यात आंघोळ करू का?”

“करा की. पैसे भरले की पोतं तुमचं.”

तणतणत ते घरी परतले. दारातच बहीण भेटली, पदर खोचलेला, चेहरा लाल.

“दादा, बरं झालं मी उघडून बघितलं! फसवलं रे तुला. सगळे कोरे आहेत. एकावरही वहिनी नाही!”

फोटोवाल्यांनी आत पाहिलं. खिडकीखालच्या टेबलावर, भर उन्हात, सगळे कागद ओळीनं मांडलेले.

“आणि मालही जुना दिलाय मेल्यानं. बघ, पांढरे होते, बघता बघता जांभळे पडले.”

फोटोवाले खुर्चीत बसले. ओरडायला तोंड उघडलं होतं, पण इतकं ओरडायचं होतं की सुरुवात कुठून करावी ते कळेना.

“अगं बाई,” शेवटी ते म्हणाले, “तो कागद अंधारातच उघडायचा असतो. त्यावर फोटो मी छापायचा होता.”

बहिणीचा चेहरा उतरला. “मग तसं वर लिहायचं नाही का त्यांनी?”

“लिहिलंय. चार भाषांत लिहिलंय.”

तिनं पाकीट डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. “इतकं बारीक लिहितात होय,” ती म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला.

ते उठले आणि एकेक कागद गोळा करू लागले. जांभळे, सगळे सारखे. शेवटच्या कागदावर कात्री होती.

“तो एकच पंख्यानं उडत होता,” बहीण पुटपुटली, “म्हणून ठेवली. वहिनीचीच आहे ना?”

तिचीच होती. फोटो कापून कापून अंगठ्याला घट्टा पडला, तेव्हा तिनं एका कडीला चिंधी गुंडाळली होती. ती सुटली की पुन्हा गुंडाळायची.

फोटोवाल्यांनी कात्री उचलली. खाली जांभळ्या कागदावर पांढरी कात्री होती. दोन्ही पाती, मधला खिळा, आणि एक कडी चिंधीनं जाड झालेली. चिंधीचा सुटलेला दोरासुद्धा आला होता.

“अगंबाई!” बहीण म्हणाली. “किती छान उठलीय रे!”

त्यांनी कागद झटकन छातीशी पालथा धरला. “पाकीट दे. लवकर.”

“अरे, बघू तरी दे नीट.”

“बघितलीस तेवढी पुरे. उजेडात ही पण जाईल.”

कागद काळ्या पाकिटात गेला. त्यांनी तोंड दुमडलं, वर चिकटपट्टी लावली, ती पुन्हा एकदा अंगठ्यानं दाबली.

“मग बघायची कधी?”

“हायपो मिळालं की.”

“आणि नाहीच मिळालं तर?”

फोटोवाले पाकीट घेऊन उभे राहिले. बहिणीनं फ्रिज उघडला, दुधाचं पातेलं मागे सरकवलं आणि पुसलेल्या कप्प्यात जागा करून दिली.