बुरेकच्या वाटणीचं

तळघरात कोळशाच्या ढिगाआड उभं राहून काझिकने गुलाबी ओप्वातेकचा आणखी एक तुकडा दोन बोटांत धरला, आणि तोही चुरला.

चुरा जमिनीवर सांडू नये म्हणून त्याने दुसरा तळहात खाली धरला होता. ओप्वातेक म्हणजे पापडाहून पातळ पोळी, चर्चचा आशीर्वाद घेऊन आलेली. नाताळच्या आदल्या संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी ती एकमेकांच्या हातची मोडून खायची. पांढरी माणसांची, गुलाबी जनावरांची. पोलंडमध्ये, गावाकडे, गुलाबी पोळी गाईंना घालत. इथे पिट्सबर्गच्या टेकडीवर, पोलादाच्या गिरणीच्या धुरात, गाई कुठल्या? इथे ती बुरेक कुत्र्याची. पांढरीला हात लावायची छाती झाली नाही म्हणून काझिकने बुरेकची पळवली होती. चुरा त्याने कोटाच्या खिशात टाकला. खिसा जड वाटावा इतकं त्यात काही नव्हतं, तरी त्याला तो जड वाटत होता.

परवा याच हातांनी त्याने नदीवरचा पूल पेलला होता. नदीतून वर आलेल्या एका अजस्र यंत्रखेकड्याने खांब उपटला तेव्हा वर माणसांनी भरलेली ट्राम होती. ती पलीकडे जाईपर्यंत काझिक गारठलेल्या पाण्यात उभा राहिला, आणि हात तसूभरही हलले नाहीत.

ते हात त्याचे नव्हतेच. गिरणीत भट्टी फुटली त्यात दोन्ही हात आणि अर्धी छाती गेली, त्या जागी डॉक्टरांनी पोलाद बसवलं. तेव्हापासून एक झालं. मन हललं की हात थरथरायचे, आणि हात थरथरले की बोटांत असेल त्याचं पीठ व्हायचं. त्यावर इलाज म्हणून गळ्याच्या हाडाखाली एक बटण दिलं होतं. ते दाबलं की टिक् असं वाजायचं आणि आतलं सगळं निवायचं. भीती नाही, राग नाही, हात दगडासारखे. लढताना ते बरंच होतं.

काझिकने बटण दाबलं. टिक्. उरलेला तुकडा उचलला. तो बोटांत अलगद राहिला, मग तोही खिशात गेला.

वर स्वयंपाकघरात आई मशरूमचं सूप ढवळत गुणगुणत होती. क्षणापूर्वी त्या वासाने त्याला सगळे जुने नाताळ आठवले होते. आता तो नुसता मशरूमचा वास होता आणि एक म्हातारी बाई गात होती. गाणं कोणतं, तेही त्याला ठाऊक होतं. एवढंच.

"पोलाद्या! अरे, कोळसा आणायला गेलास की खणायला?" जिन्यावरून त्याची बहीण ब्रोन्या ओरडली. "पहिला तारा दिसला, आता जेवायला बसायचं! भुकेने जीव जातोय इथे!"

तो कोळशाची बादली घेऊन वर गेला. बटण चालूच ठेवलं.

टेबलावर पांढरी चादर होती, चादरीखाली दरवर्षीसारखं, येशूच्या गोठ्याची आठवण म्हणून, थोडं गवत. एक ताट जास्तीचं, आगंतुक पाहुण्यासाठी. त्याच्या शेजारी वडिलांची खुर्ची. ती कुणी हलवली नव्हती आणि तिच्यावर कुणी बसलंही नव्हतं. फेला मावशी आपल्या जाड पोषाखात आधीच बसून हेरिंग माशांकडे बघत होती.

"आले बाई आमचे नायक!" ती म्हणाली. "वाण्याच्या दुकानात तुझं नवं चित्रपुस्तक लागलंय. काय तो जबडा काढलाय! आमच्या घराण्यात असा जबडा कुणाचा नाही."

"आणि त्यात हा कधी जेवतच नाही," ब्रोन्या म्हणाली. "नुसता शेवटच्या पानावर ओरडतो, 'मी अजून माणूस आहे!' टेकडीवरची पोरं घसरगुंडी खेळताना तेच ओरडतात. माझं डोकं उठतं."

काझिक हसला. कुठे हसायचं ते त्याला माहीत होतं.

"अगं होनोराता," मावशीने ताटातली पाकिटं चाळवली, "गुलाबी कुठंय? चर्चच्या ऑर्गनवाल्याने दिली नाही की काय यंदा? तो दारोदार वाटत फिरला तेव्हा मी बघितली होती."

"दिली होती," आई म्हणाली. "असेल कुठंतरी."

"नाहीतर याने खाल्ली असेल." मावशीने हनुवटीने काझिककडे दाखवलं. "खरंच, आता याला कोणती द्यायची गं? माणसांना पांढरी, जनावरांना गुलाबी. यंत्रांना काही सांगितलंय का पाद्रीबाबांनी?"

"मावशी!" ब्रोन्या म्हणाली.

"अगं, गंमत. त्याला कुठे लागतंय?"

खरंच लागलं नाही. बोलणं येऊन त्याच्यावरून निघून गेलं. लागायला हवं होतं, हे मात्र त्याला कळत होतं.

त्याच्या वडिलांच्या वेळीही असंच झालं होतं. पानगळीत वालेंती गेले. शवपेटीला खांदा द्यायला तो पुढे झाला आणि पितळी कडी धरण्याआधी त्याने बटण दाबलं. कडी चिरडली असती, पेटी पडली असती. ते कारण खरंच होतं. पण पेटी खाली उतरली, माती पडली, हात मोकळे झाले, आणि तरी त्याने बटण बंद केलं नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यातही नाही. टेकडीवरच्या बायका म्हणाल्या, बाप गेला पण डोळ्यांत टिपूस नाही, याला म्हणतात पोलाद. त्याने मान लववून त्यांचे आभार मानले होते. पुढे मासे तळल्याच्या वासाने एके दिवशी वडील आठवले, तेव्हा त्याने बटणाला पुन्हा हात घातला होता.

आईने पांढऱ्या ओप्वातेकची बशी उचलली. दरवर्षी ती वडिलांच्या हातात देई. ती खुर्चीपाशी थबकली आणि मग बशी काझिकपुढे धरली.

"आता तू."

त्याने पोळी घेतली. एक कणही सांडला नाही. ब्रोन्याकडे वळला, तिच्या पोळीचा तुकडा मोडला, तिला आपली मोडू दिली. चांगला नवरा मिळो, म्हणाला. "आणि तुझा जबडा कमी होवो," ती म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते. मग मावशी. "आरोग्य लाभो."

"बघा, किती नाजूक धरतो!" मावशी म्हणाली. "आमच्या वालेंतीचे हात तर चुरा करायचे दरवर्षी. गिरणीचे हात ते."

काझिक आईसमोर उभा राहिला. आईबापांशी पोळी मोडण्याआधी माफी मागायची, ही रीत. लहानपणी तो हे एका दमात उरकून सूपकडे धावायचा.

आई बुटकी होती. तिला मान वर करावी लागली.

"वर्षभरात माझं तुझ्या बाबतीत काही चुकलं असेल," ती म्हणाली, "तर माफ कर, बाळा."

आता त्याने म्हणायचं होतं. शब्द तयार होते, वडिलांनी शिकवले तसेच. तो ते नीट, स्पष्ट म्हणू शकला असता, आणि त्यात एकही खरा नसता. मग हात गळ्याच्या हाडाखाली गेला.

टिक्.

सगळं एकदम आलं. मशरूमचा वास, वर्षानुवर्षं कोटांनी घासून गुळगुळीत झालेली ती खुर्चीची पाठ, मावशीचा मघाचा शब्द. हात थरथरू लागले. पोळी मोडली, पुन्हा मोडली, आणि पांढरा चुरा त्याच्या पोलादी तळव्यात साचला.

त्याने दुसऱ्या हाताने खिसा उलटा केला. गुलाबी भुकटी आणि तो उरलेला तुकडा पांढऱ्यावर पडला.

"बुरेकचं मीच घेतलं. तळघरात. नुसतं धरायला शिकत होतो." त्याला वर बघवत नव्हतं. "आई, बाबांच्या वेळी मी हे चालू केलं होतं. कडीसाठी. मग... नंतर बंदच केलं नाही."

"ठाऊक आहे."

त्याने वर पाहिलं.

"शेजारीच तर उभी होते मी. ऑर्गन थांबला तेव्हा टिक् वाजलं की." आईने बोट ओठांवर ओलं केलं आणि त्याच्या थरथरत्या तळव्यावरचा चुरा टिपून तोंडात घातला. बोट चिरडेल म्हणून तो हात मागे घेऊ लागला, तिने मनगट धरलं. "मला वाटलं, मला का नाही असं काही दिलं कुणी. घरी येऊन त्यांच्या उशीवर पडले ना, तेव्हाही तेच वाटलं. सबंध पानगळ तुझा हेवा केला मी. पोटच्या पोराचा."

"होनोराता, काय बोलतेस!" मावशी म्हणाली.

"आत्ता कसली माफी मागितली मग मी?" आई मावशीकडे न बघता म्हणाली. "उगीच रीत म्हणून?"

तिने आपली पोळी त्याच्यापुढे धरली.

"आई, मोडेल."

"मोडायलाच असते ती."

त्याने बोट लावलं. पोळी वेडीवाकडी फुटली, अर्धी चादरीवर उडाली. आईने उरलेली तोंडात घातली आणि सूप आणायला वळली. बुरेक टेबलाखालून आला आणि काझिकचा तळवा चाटू लागला, आधी गुलाबी, मग पांढरंही.

जेवायला बसले. काझिकच्या हातातला चमचा वाडग्याच्या काठावर वाजत राहिला, थांबेना. त्याचा दुसरा हात गळ्याखालच्या बटणाकडे गेला, आणि परत मांडीवर आला.

फेला मावशीने त्या आवाजाकडे पाहिलं, ब्रोन्याकडे पाहिलं, आणि यंदा हेरिंगमध्ये किती काटे आहेत याबद्दल मोठमोठ्याने बोलायला सुरुवात केली.