मी बांडगूळ नाही

मित्रांनो, मोठा धक्का बसला की तुम्ही म्हणता, "पायाखालची जमीन सरकली." मला तेवढंही म्हणता येत नाही, कारण मला मुळी जमीनच नाही. मी फुलंब्रीजवळच्या एका मळ्यातलं, आंब्याच्या खोडाला धरून राहणारं ऑर्किडचं जुनं झाड आहे. माझी मुळं हवेतली ओल पितात आणि खोडाला फक्त धरून ठेवतात. एवढी साधी गोष्ट एका माणसाला वेळेवर कळली नाही, म्हणून माझा जीव जाता जाता राहिला.

माझा जन्म दूर कोकणातल्या एका रोपवाटिकेत, हिरव्या जाळीच्या सावलीत झाला. नारळाच्या तंतुमय सोडणांत आणि कोळशाच्या तुकड्यांत मी वाढलो. पहिला जांभळा तुरा आला, तशी माझी रवानगी छत्रपती संभाजीनगरच्या झाडांच्या बाजारात झाली. तिथे मी हबकूनच गेलो. येईल तो माझी पाकळी चिमटीत धरून दाबून बघे! "प्लास्टिकचं दिसतंय." "नकली है यार, चलो." चिमटे सोसून पाकळ्यांवर डाग पडले. कौतुक करायची ही कुठली तऱ्हा?

एकच बाई हात मागे बांधून उभी राहिली. तिचं नाव आक्काबाई. नवरा गेल्यावर ती धाकट्या भावाकडे, केरबाकडे, राहायला आली होती. भाचेसून शीला तिला हिवाळ्यात शहरातल्या बागा आणि फुलझाडांचे बाजार दाखवायला आणायची. तेवढीच तिची हौस. हेलिकोनियाचे लोंबते घोस बघून ती म्हणाली, "शीला, पोपटाच्या चोचीच टांगल्यात की गं!" चकचकीत लाल अँथुरियमपाशी वाकून म्हणाली, "ह्याला तेल कुणी चोपडलं?" माझ्यापुढे मात्र ती वाकून मुळं निरखू लागली. मग हळूच बोलली, "माती नाय, खत नाय, तरी लई फुललंय. घ्यायचं का?"

"घ्या की आत्याबाई," शीला हसून म्हणाली.

मळ्यात आल्यावर आक्काबाईने दुकानदाराने सांगितलं तसं मला विहिरीजवळच्या आंब्याला चिंधीने बांधलं. रोज सकाळ-संध्याकाळ तांब्यातलं पाणी ओंजळीने शिंपडायची आणि माझ्याशी दोन शब्द बोलायची. माझी मुळं खोडाला बिलगली. केरबा तेव्हा मेंढरं घेऊन लांब चाऱ्यावर गेला होता, त्यामुळे त्याला माझा पत्ताच नव्हता.

तो परतला तेव्हा माझा बहर सरला होता. नुसत्या जाड काड्या आणि पांढुरकी मुळं उरली होती. त्याने वर पाहिलं आणि ओरडलाच, "आंब्यावर बांडगूळ चढलंय! फुकटखाऊ मेलं, दुसऱ्याच्या जिवावर जगतंय!"

मला काही कळायच्या आत कोयता बसला. मुळं तटातटा तुटली आणि आयुष्यात पहिल्यांदा मी मातीत पडलो. मी! बांडगूळ! 

पाण्याचा तांब्या घेऊन आलेली आक्काबाई जागच्या जागी थिजली. तिने मला उचलून पदरात घेतलं.

"केरबा, उद्या मी लासूरला जाते. माझ्या नवऱ्याची खोली हाय तिथं."

"आता हे काय मधीच, आक्का?"

"दुसऱ्याच्या जिवावर किती दिस जगायचं?"

केरबा चपापला. "आगं, मी झाडाला बोललो!"

"मग झाडाचंच बघ. ह्यानं आंब्याचं काय खाल्लं, दाव मला."

केरबाने जन्मभर बांडगुळं छाटली होती. बांडगूळ फांदीच्या आत मूळ घुसवतं, तिथे गाठ येते, हे त्याला पाठ होतं. तो खोडावर हात फिरवू लागला. ना गाठ, ना भोक. साल जिथल्या तिथे शाबूत. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"आयला... आत मूळच घातलं नाय ह्यानं. नुसतं धरून व्हतं."

"व्हय ना? आता माझं बघ," आक्काबाई म्हणाली. "तू मेंढरांमागं जायचास, तवा तुझ्या पोराला, अजिनाथला, कुणी वाढवलं? आईविना राहिलेली कोकरं कुणी जगवली? मी तुझं घर कुठं पोखरलं, तेबी दाव."

केरबाच्या हातातला कोयता गळून पडला.  त्याने डोक्याचा लाल पटका सोडला, टर्रकन पट्टी फाडली आणि मला पुन्हा आंब्याला बांधलं. 

"माझी जीभ झडो, आक्का. लासूरला जाऊ नको."

"आधी पाणी शिंपड त्याच्यावर," ती एवढंच म्हणाली.

ती गेली नाही. मला सावरायला मात्र वेळ लागला. पुढचा हंगाम मी फुलाविनाच काढला, आता कुठे एक कोवळा तुरा डोकावतोय. केरबाच रोज पाणी शिंपडतो.

मित्रांनो, बागेत जा, बाजारात जा, आमची फुलं डोळे भरून बघा, पण चिमटे काढू नका. आणि एखाद्याला फुकटखाऊ म्हणण्याआधी जरा साल तपासून बघा. मला नवी मुळं फुटली आहेत. आक्काबाई मात्र आंब्याखाली जेवायला बसली की दुसरी भाकरी घेताना अजूनही क्षणभर थांबते.