मळण्याआधीचा नियम

प्रभुभोजनाची भाकर करणाऱ्या बाईने मनात अढी ठेवून पिठाला हात लावायचा नाही, असा त्या ख्रिस्ती मंडळीत एक जुना, कुठेही न लिहिलेला नियम होता. ज्याच्याशी बिनसलं असेल त्याच्याकडे आधी जायचं, बोलून मोकळं व्हायचं आणि मगच परात पुढे ओढायची. पाव भाजून विकणाऱ्या भट्टीवालीने एकवीस वर्षं हा नियम पाळला होता. शेजारणीशी, पाळकांच्या बायकोशी, एकदा तर पाव शिळा म्हणून तोंडावर फेकणाऱ्या गिऱ्हाइकाशीसुद्धा तिने शनिवारी दुपारी जाऊन समेट केला होता. या शनिवारी मात्र दुकानाचं दार लोटून घेऊन, कोणाकडेही न जाता, तिने थेट पिठात मूठ मारली.

कारण जायचं होतं ते सख्ख्या धाकट्या भावाकडे.

बुधवारच्या प्रार्थनासभेत त्याने साक्ष दिली होती. बाबांच्या आजारपणात देवाने आपल्याला धीर कसा शिकवला, ते तो सांगत होता. अंथरुणाशी बसून काढलेल्या दुपारी, चमच्याने पाजलेलं पाणी, कूस बदलताना बाबांचा कण्हण्याचा आवाज. नेमक्या जागी त्याचा गळा भरून येत होता आणि बाकांवरून रुमाल निघत होते. विश्वासात एकेका सद्गुणाची भर घालत गेलेला असाच माणूस मंडळीचा कारभार पाहणारा पंच व्हावा, असं पाळक म्हणाले. येत्या रविवारी, प्रभुभोजनाआधी, त्याची नेमणूक करायचं ठरलं. भट्टीवाली शेवटच्या बाकावर दगडासारखी बसून होती. बाबा अंथरुणाला खिळल्यापासून ते जाईपर्यंतच्या तीन वर्षांत हा घरी आला होता मोजून चार वेळा. चमचा तिचा होता. पाणी तिचं होतं. बाबांच्या जखमा धुतानाचा वास अजून तिच्या नखांत होता. कष्ट तिचे आणि साक्ष त्याची; आयत्या बिळावर नागोबा.

पीठ ती मळत नव्हती, बुकलत होती. राग खांद्यातून कोपरात, कोपरातून मनगटात उतरत होता, आणि परात ओट्यावर खडखडत सरकत होती. हात आपल्या सवयीने डबे उघडत, चिमटी टाकत, झाकणं लावत होते. ती मनात बुधवारचं एकेक वाक्य पुन्हा ऐकत होती. शेवटी गोळ्यावर ओलं फडकं टाकून तिने तो भट्टीशेजारी मुरायला ठेवला आणि चिकटलेले ट्रे खरवडायला घेतले.

पाऊण तासाने भाऊ आला. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. लोकांना दिसावं याची सोय करण्यात त्याचा दिवस जाई. मंडळीच्या उद्याच्या चहाला त्याला बिस्किटं हवी होती.

"बुधवारी न बोलताच गेलीस, ताई. माझं बोलणं आवडलं नाही का?"

"फार आवडलं. एवढंच सांग, बाबांची मोठी जखम पाठीच्या कुठल्या बाजूला होती?"

मग तिने तीन वर्षांचं साचलेलं सगळं त्याच्या अंगावर ओतलं. चादरी, औषधं, त्याच्या फोनवरच्या सबबी, आणि बुधवारचे ते उसने अश्रू. आपण कितीदा तरी जिन्यापर्यंत येऊन परत फिरलो, वास सहन होत नव्हता, हे त्याने खालमानेने कबूल केलं. साक्षीत तेच सांगायचं होतं. पण पहिलंच वाक्य खोटं निघालं, लोक रडू लागले, आणि परतायला वाट उरली नाही.

"मग ते उद्या सगळ्यांसमोर सांग," ती म्हणाली. "नाहीतर भाकर मी देणार नाही. मंडळीने बिस्किटांवर भागवावं."

"सांगेन. बाबा गेल्यावर त्यांना शेवटची आंघोळ मी घातली, ताई. दंडावर निळा डाग होता. चिमट्याएवढा."

ट्रे तिच्या हातातच राहिला. ती दुपार तिने दोन वर्षं कोणाला दाखवली नव्हती. बाबांनी तिसऱ्यांदा थुंकलेलं औषध, आणि त्यांच्या दंडात रुतलेली तिची बोटं. बाबा ओरडले नव्हते. चूक आपलीच असल्यासारखे फक्त बघत राहिले होते. लोक तिला सोशिक म्हणत, आणि ती मान खाली घालून ते ऐकून घेई. ती मानसुद्धा एक साक्षच होती, तितकीच खोटी.

भावाला हे माहीत होतं आणि त्याने ते गिळलं होतं. त्याची ही दया तिला त्याच्या खोटेपणाहून जास्त झोंबली. काहीतरी हातात हवं म्हणून तिने फडकं उचललं.

गोळा दुप्पट फुगला होता. प्रभूच्या भाकरीत खमीर चालत नाही, म्हणून शनिवारी मळण्याआधी ती यीस्टचा डबा आठवणीने वरच्या फळीवर ठेवत असे. आज तो हाताशीच राहिला होता, आणि पावाला सरावलेल्या बोटांनी आपलं काम चोख केलं होतं. तिने मूठ हाणली. गोळा उसासा टाकून बसला आणि लगेच कडेने पुन्हा वर येऊ लागला.

तो सबंध गोळा तिने बादलीत टाकला, यीस्टचा डबा वर चढवला, नवं पीठ घेतलं.

"हात धू. कोपरापर्यंत."

"मी?"

"मग कोण, पाळक येणार आहेत?"

तो मळू लागला. पीठ कुरवाळू नकोस, जोर लाव, म्हणून ती त्याच्यावर खेकसली. राग गेला नव्हता. तो असा एका शनिवारात जाणारा नव्हता. पण समोर उभं राहून, त्याच्या पिठाळ हातांकडे बघत, तिने ती दुपार पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. त्याने मळणं थांबवलं नाही.

"उद्या मी उभा राहिलो," तो अखेर म्हणाला, "की पंच तर होत नाहीच. लोक काय म्हणतील, कोण जाणे."

"तू नंतर," ती म्हणाली. "आधी मी उभी राहीन. मोठी मी आहे."