मेडल आणि डाळीची बादली

कीर्तन करणाऱ्याला मध्ये अडवायचं नसतं. ती नारदाची गादी. तिथं कालचं पोर उभं असलं तरी थोरांनी त्याच्या पाया पडायचं. हे मला परकरात असल्यापासून ठाऊक आहे आणि आमच्या ह्यांना मी लग्नापासून ठाऊक करून दिलंय. म्हणूनच यंदाच्या अनंत चतुर्दशीला सकाळी, नोएडातल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये, हे पहिल्या रांगेत कोटावर मेडल लावून नुसतेच चुळबुळत होते.

दोष माझाच होता.

आमचे हे, सूर्यकांत, एकाहत्तरच्या लढाईत वायुसेनेत कॉर्पोरल होते. इंजिन फिटर. पंजाबातल्या एका तळावर बाँब पडत असताना ह्यांनी, चाकानं पेट घेतलेला पेट्रोलचा टँकर विमानांपासून दूर नेला. त्याबद्दल वायुसेना मेडल. प्रशस्तिपत्रातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. फक्त चाकानं पेट का घेतला, ते त्यात नाही.

ह्यांनी हँडब्रेक काढलाच नव्हता.

ड्रायव्हर सापडेना आणि ह्यांना गाडी शिकून जेमतेम चार दिवस झालेले. टँकर रडतखडत निघाला, ब्रेक तापले, धूर आला, मग जाळ. लंगरचा स्वयंपाकी रणधीर तेव्हा विमानांपाशी जवानांचं जेवण घेऊन चालला होता. तो डाळीची बादली घेऊन मागं धावला, "ब्रेक छोड़, ब्रेक छोड़" ओरडत. आणि अख्खी बादली त्यानं चाकावर ओतली. आग विझली. ह्यांना मेडल मिळालं. रणधीरला नवी बादली मिळाली.

रणधीर पानिपतजवळच्या गावचा. आमचे पूर्वज मराठेच, लढाईनंतर इकडेच राहिले, असं छाती फुगवून सांगतो. दर जानेवारीत आम्ही पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जातो तेव्हा तो साजूक तुपाचा डबा घेऊन हजर. यंदा मात्र जरा उदास दिसला. म्हणाला, "सूर्या, पोते हँसते हैं. कहते हैं, दादा, दाल से कौन जंग जीतता है? कहीं लिखा तो है नहीं. मरने से पहले एक बार चार लोगों के सामने मेरा नाम ले दे यार."

ह्यांनी तिथंच शब्द दिला. गणपतीत आमच्याकडे भानुमतीबाईंचं कीर्तन असतं, उत्तररंगात त्या एखाद्या वीराचं आख्यान लावतात. यंदा ह्यांचं लावायचं ठरलं होतं. त्यात रणधीरचं नाव येणार.

बाईंना टिपण लिहून द्यायचं काम माझ्याकडे. मी सुवाच्य अक्षरात दोन पानं लिहिली. पण रणधीर आला की बादली येणार, बादली आली की हँडब्रेक. चाळीस वर्षं दिल्लीतल्या बायका मला विचारतायत, "तुमचे मिस्टर पायलट ना?" आणि मी चाळीस वर्षं नुसती गोड हसतेय. लेखणी अडली हो. दोन पानांत ना डाळ आली, ना ब्रेक, ना रणधीर. टँकरचं विमान मात्र झालं.

"रणधीरचं लिहिलंस ना?" ह्यांनी सकाळी विचारलं.

"सगळं आलंय हो," मी म्हटलं. सणाच्या दिवशी, आंघोळ करून, देवासमोर.

कीर्तन रंगलं. बाईंनी पूर्वरंगाला सख्यभक्ती घेतली होती. देव मित्र होऊन येतो तेव्हा ओळखू येत नाही, म्हणाल्या. एरवी माझे डोळे भरून आले असते. पण ह्यांच्या शेजारी रणधीर पांढरं पागोटं बांधून बसला होता. मराठी कळत नाही, म्हणून मोबाइल छातीशी उभा धरून सगळं रेकॉर्ड करत होता. पाच-पाच मिनिटांनी विचारायचा, "मेरा नाम आया?"

"आएगा, आएगा," हे म्हणायचे.

पूर्वरंग संपवताना बाई म्हणाल्या, "आता उत्तररंगात ऐकू या, शत्रूची विमानं आकाशात गाठणाऱ्या आपल्या सूर्यकांतरावांची कथा!"

टाळ्या पडल्या. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

मध्यंतराचा नामघोष सुरू झाला. आपल्याकडे या वेळी कीर्तनकाराला बुक्का लावून हार घालतात. त्या दिवशी हार घालायचा मान ह्यांचा. हे हार घेऊन उठले, तेव्हाच मला कळायला हवं होतं. गादीवरच्या माणसाच्या कानाशी जायची तेवढीच एक संधी असते.

नामघोष थांबला. ह्यांनी हार घातला, वाकले आणि कुजबुजले. पण मंडळाचा सेक्रेटरी चिन्मय, भारी हौशी मुलगा, त्यानं यंदा बाईंच्या पदराला नवा माइक लावला होता. कुजबूज चारी स्पीकरमधून हॉलभर घुमली.

"ताई, नमस्कार. एक करेक्शन आहे. मी विमान कधीच उडवलं नाही. टँकर चालवला. तोही हँडब्रेक लावून. आग माझ्याच बावळटपणानं लागली. ती विझवली त्या पागोटेवाल्यानं, डाळीनं. रणधीर त्याचं नाव. माझं गाळा, पण त्याचं घ्या. आणि आमच्या हिला बोलू नका. तिला लग्नापासून त्या हँडब्रेकची लाज वाटते."

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. तेवढ्यात 'हँडब्रेक' आणि स्वतःचं नाव कानावर पडलेला रणधीर ताडकन उभा राहिला.

"हाँ जी! हैंडब्रेक! मैं तब से चिल्ला रहा हूँ!"

असा हशा पिकला की पेटीवाल्यांनी भाता सोडून डोळे पुसले. भानुमतीबाईंनी माझी दोन पानं शांतपणे घडी करून कमरेला खोचली.

"दादा, दाल कौनसी थी?"

"चने की, जी. लाल मिर्च का छौंक. पूरे स्क्वाड्रन ने उस दिन सूखी रोटी खाई."

बाईंनी झांज उचलली, डोळे मिटले आणि उभ्या जागी साकी जुळवली:

"हाती घेउनि डाळ उकळती धावे रणधिर मागे,
ब्रेक सोड रे, ब्रेक सोड रे, म्हणता सूर्या जागे!"

दोनदा त्यांनी म्हटली, तिसऱ्यांदा सगळ्या हॉलनं. रणधीर ह्यांचा दंड धरून हलवत होता. "आया! सूर्या, आया!" मग बाईंना हात जोडून म्हणाला, "एक बार और, माताजी. पोतों के लिए."

आणखी पाच वेळा झाली. शेवटच्या वेळी मीही म्हटली, मोठ्यानं.

"रथीच्या गळ्यात हार पडतो," बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चाकाशी कोण धावलं ते देव बघत असतो. आम्ही तेवढंही सांगायचं नाही, तर या गादीवर उभं कशाला राहायचं?"

ह्यांनी मेडल काढून रणधीरच्या सदऱ्याला लावायला घेतलं. तो दोन पावलं मागं सरला.

"ना भाई. तमगा लिया तो हैंडब्रेक भी मेरे नाम चढ़ जाएगा. मुझे तो नाम चाहिए था, मिल गया."

आरती झाली. चतुर्दशीचा प्रसाद म्हणून मी वाटली डाळ केली होती. रणधीरनं एक घास खाल्ला, विचार केला.

"भाभीजी, स्वाद है. पर सूखी है. इससे आग नहीं बुझेगी."

मी त्याला डबा भरून दिला. नातवांसाठी.

मग हे त्याला बसस्टँडवर सोडायला निघाले. गाडी सुरू केली, गिअर टाकला. रणधीरनं डबा मांडीवर सावरला, मधे हात घालून आधी हँडब्रेक खाली केला आणि मग म्हणाला,

"अब चल."