आत्या मेली कधी?

“ताई, कसं वाटलं? खरं सांग हं,” धाकटीनं विचारलं आणि उत्तराला न थांबता चहा टाकायला उठली.

थोरलीच्या मांडीवर धाकटीच्या कादंबरीचा गठ्ठा होता. उद्या तो प्रकाशकाकडे जायचा होता. थोरलीनं तो दोन दिवसांत वाचून काढला होता आणि दोन्ही दिवस तिच्या पोटात दुखत होतं.

कारण कादंबरी लिहिणार होती ती थोरली! बसडेपोत वेळापत्रकं आखणं ही तिची नोकरी. कुठली गाडी कधी कुठे असेल, हे तिला झोपेतही सांगता यायचं. कादंबरीही तिनं तशीच आखली होती. भिंतीवर मोठा तक्ता, आडव्या ओळींत माणसं, उभ्या रकान्यांत प्रकरणं. कोण कधी जन्मतं, कुणाचं कुणाशी बिनसतं, सगळं रंगीत पेन्सिलींनी भरलेलं. कित्येक वर्षं त्यात भरच पडत होती. पहिलं वाक्य तेवढं लिहायचं राहिलं होतं.

आणि ही बया! पार्लरमध्ये गिऱ्हाइकाच्या केसांना रंग लावायचा आणि तो चढेपर्यंत चार ओळी खरडायच्या. आराखड्याचा पत्ता नाही. तरी तिची माणसं चालत होती, बोलत होती, एकमेकांना टोमणे मारत होती. थोरलीच्या अंगाची लाही लाही झाली.

मग तिला घोळ सापडला. पाचव्या प्रकरणात आत्या मरत होती आणि अकराव्यात तीच लग्नात मिरवत होती. थोरलीला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. पण गप्प बसायचं, छापून येऊ दे, लोक हसू देत, असं तिनं ठरवूनही टाकलं.

“सांग ना गं! तुझ्याशिवाय मला कोण सांगणार?” धाकटीनं कप पुढे केला.

“तुझी आत्या मेली कधी?” थोरलीच्या तोंडून निघून गेलं.

“पाचव्यात.”

“मग अकराव्यात लग्नाला कोण आलंय?”

धाकटीनं कपाळावर हात मारला आणि हसतच सुटली. मग एकदम तिचा चेहरा पडला. “आता गं? लग्नात आत्या हवीच. आणि पाचव्यात कुणी मेलंच नाही, तर भांडलेले भाऊ एकत्र येतील कशाला? उद्यापर्यंत नवा माणूस आणू कुठून?”

थोरलीनं चहावरची साय बोटानं बाजूला केली.

“एक कंपाउंडर आहे,” ती म्हणाली. “म्हातारा. दवाखाना कधीच बंद पडलाय, तरी रोज किल्ली घेऊन जातो. त्या भावांना त्यानंच खांद्यावर खेळवलंय असं कर. घे तो.”

“अगं, तो तुझ्या कादंबरीतला!”

“घे म्हटलं ना.”

धाकटी तिथेच टेबलाशी लिहायला बसली. थोरलीनं कपबश्या विसळल्या, पुसल्या, पुसलेल्या पुन्हा पुसल्या. थोड्या वेळानं धाकटीनं वाचून दाखवलं. कंपाउंडर बंद दाराच्या पायरीवर बसला, येणाऱ्याजाणाऱ्याला “बरं आहे ना आता?” विचारत राहिला आणि भिंतीला डोकं टेकून तिथेच मरून गेला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच बोलला होता, तोही धाकटीच्या हातून. थोरलीचा जळफळाट काही कमी झाला नाही, पण डोळे भरून आले.

“जमलंय ना, ताई?”

“त्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही,” थोरली म्हणाली. “तेवढं घाल.”