पहिली धार माझी

मानवजातीचं आरोग्य माझ्या खांद्यांवर उभं आहे. मला खांदे नाहीत. एक कान आहे, तोही पिचलेला. मित्रांनो, मी एक जुना काळा वाडगा आहे आणि माझा कोणावरही विश्वास नाही.

कारखान्यात माझी भावंडं पांढरी निघाली. मला मात्र मुद्दाम काळा मुलामा दिला. गायीच्या प्रत्येक सडाची पहिली धार माझ्यात मारायची. दुधात बारीकशी गाठ असली तरी काळ्यावर लगेच उठून दिसते. गाठ म्हणजे कासेत जंतू. थोडक्यात, संशय घेणं हाच माझा धंदा.

आजी होत्या तोवर माझा काय थाट! "वाडगा बघितल्याशिवाय दूध घरात आणायचं नाही," असा त्यांचा दंडक होता. आजी गेल्या आणि मी मांजराच्या वाटणीला आलो. ते मला चाटायचं आणि डोळे मिचकावायचं. त्याच्या मनात काहीतरी असणार.

मग आजोबांनी लाडापोटी नवीच रीत काढली. पहिली धार थेट नातीच्या पेल्यात! पांढऱ्या पेल्यात पांढरं दूध; दिसणार काय, कपाळ? त्यातच गाय धार काढताना लाथा झाडू लागली.

"बाबा, कास एका बाजूनं सुजलीय. दूध तापवून तरी देऊ या," सून म्हणाली.

"धारोष्ण दूध तापवायचं? अगं, मी यावरच वाढलो!"

"आणि पोट धरून बसताय जन्मभर."

नातीनं पेला ओठांशी नेला. सुनेनं तो झडप घालून काढून घेतला, मांजराला हुसकावलं, मला विसळून गायीखाली धरलं.

"मारा यात."

आजोबांनी धार मारली. माझ्या काळ्या तळावर फाटल्या दुधासारखे कण उठून दिसले.

"तुझी सासू सांगून सांगून थकली होती गं," आजोबा म्हणाले आणि नातीचा पेला त्यांनी स्वतःच्या हातानं मोरीत ओतला.

गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं. "मी सांगेपर्यंत हिचं दूध कोणाला द्यायचं नाही. पुढेही उकळूनच प्यायचं."

"मांजराला चालेल?" नातीनं विचारलं.

"नाही!"

हे मात्र मला पटलं.

आता मी पुन्हा गोठ्यातल्या खुंटीवर असतो. मित्रांनो, आजोबांच्या मायेवर संशय घेऊ नका; त्यांच्या पेल्यावर जरूर घ्या.

आणि हो, काम झालं की मला गरम पाण्यानं धुवा. मांजरानं चाटलं म्हणजे धुतलं असं होत नाही.